बैल हलला तर नवं वजन

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं. संगणकाच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाकडं गमती असतात, असा एक समज आहे. माझ्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती गमतीची नाही. तिच्यात हसण्याजोगं जे थोडंफार आहे ते मी आधीच सांगून टाकणार आहे. म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

आमच्या गावी, सुप्याला, मी काय काम करत होतो हे आजवर कुणाला कळलेलं नाही. “कंपुटरमधी हाय” एवढ्यावर भागतं. पुण्यात आमच्या सोसायटीतल्या लोकांना वाटतं की मी प्रिंटर दुरुस्त करायचो. खरं काम सांगितलं तर दोन्हीकडचे लोक माझी कीव करतील. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या अर्जांच्या वरच्या ओळी वाचल्या. खालच्या मजकुराशी माझा कधी संबंध आला नाही.

नीट सांगतो. तुम्ही इंटरनेटवर एखादं पान उघडता, तेव्हा तुमचं यंत्र दूरच्या एका यंत्राकडं अर्ज करतं. आपण तहसीलदाराला अर्ज करताना आधी प्रति, अर्जदार, विषय, सोबत जोडलेली कागदपत्रं असं लिहितो ना, तशाच ओळी या अर्जाच्या डोक्यावर असतात. कुणाकडं जायचंय, मागतंय कोण, उत्तर कुठल्या भाषेत चालेल, खालचा मजकूर किती लांब आहे. प्रत्येक ओळीला आधी एक नाव, मग दोन टिंबं, मग माहिती. या ओळींना हेडर म्हणतात. त्यातली नावं ओळखायची, नावापुढची माहिती नीट उचलून ठेवायची आणि कुणी मागितली की काढून द्यायची. हे काम प्रत्येकानं नव्यानं करत बसू नये म्हणून कुणीतरी ते एकदाच चांगलं करून ठेवतं आणि बाकीचे वापरतात. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. तिथं पुस्तकं नसतात. एकीनं कणीक मळून ठेवावी आणि दहाजणींनी पोळ्या लाटाव्यात, इतकं ते साधं आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा अशी एक लायब्ररी बारामतीत लिहिली गेली. हे सांगितलं की पुण्यातली पोरं माझ्याकडं बघून नुसती हसतात. भिगवण रस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, त्याच्या वरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. ऑफिस विलासराव सरांचं. सर आधी पॉलिटेक्निकला शिकवत होते, मला त्यांनीच शिकवलं होतं. शिकवण्याचा कंटाळा आला तेव्हा ते नोकरी सोडून बाहेर पडले आणि बाहेर पडताना मला बरोबर घेतलं. बारामतीत बसून जगाचं काम करता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नसावं.

जगाचं काम मिळेपर्यंत आम्ही काट्याचं काम केलं. साखर कारखान्यात आलेला ऊस वजनकाट्यावर चढतो आणि वजन संगणकात जातं, तो प्रोग्राम आमचा. ट्रॅक्टरचं सोपं असतं, तो उभा राहतो. बैलगाडीचं तसं नाही. काट्याच्या पत्र्यावर चढलं की बैलाला पायाखाली पोकळ लागतं. तो पाय उचलतो, मान झटकतो आणि नेमका तेव्हाच आकडा पडतो. मग गाडीवान बोंब मारतो, काटेवाला गाडी मागं घ्यायला लावतो आणि पुन्हा चढवून दुसरं वजन घेतो. नीरेकाठच्या एका कारखान्यावर काट्याचं सगळं एक तात्या बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला नियम घालून दिला.

“बैल हाललं की आधीचं वजन खोटं. त्याच टोकनाची गाडी पुन्यांदा आली की जुनं पुसायचं आन् नवं धरायचं. दोन्ही ठिवलीसा तर हितं डोकी फुटत्याल.”

सरांनी त्याप्रमाणे प्रोग्राममध्ये एक तक्ता बांधला. डावीकडं टोकन, उजवीकडं वजन. तेच टोकन पुन्हा आलं की जुनं वजन आपोआप जाऊन नवं बसायचं. फार नेटकं काम होतं ते. हंगामामागून हंगाम गेले, पण त्या तक्त्यावरून कुणाचं कुणाशी वाजलं नाही. आमच्या इतर गोष्टींवरून वाजलं. एका खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. काट्याला हार घातला, आमच्या संगणकालाही घातला, तिथवर ठीक होतं. मग एकानं नारळ वाढवला तो टेबलाच्या कडेवरच आणि सगळं पाणी कीबोर्डात गेलं. त्या वर्षीच्या हंगामाची सुरुवात आम्ही कीबोर्ड उन्हात उपडा घालून केली. तात्या म्हणाले, “देवाला पावलं म्हना.”

हसण्यासारखं होतं ते एवढंच.

सुनंदा आमच्याकडं आली तेव्हा नुकतीच माहेरी परतलेली होती. शेळगावची, मेंढपाळाच्या घरची. तिचे वडील, आबा, पूर्वी दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढं थोडी जमीन केली, पाण्याची सोय झाली, तसं फिरणं थांबलं आणि दाराशी लहानसा कळप तेवढा उरला. पोरगी हुशार म्हणून त्यांनी तिला बारामतीला बी.एस्सी. पर्यंत शिकवलं आणि मग भीमेकडच्या एका गावात दिली. नवरा मारायचा. एकदा त्यानं तिचं डावं मनगट मोडलं आणि ते नीट बसवायलाही कुणी नेलं नाही. ती परत आली ती त्या वाकड्या मनगटानिशी. कीबोर्डवर तिचा डावा हात जरा तिरका पडायचा, पण बोटं माझ्यापेक्षा वेगानं चालायची.

पहिल्या दिवशी आबाच तिला एसटीनं घेऊन आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. ते खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभं राहून सरांना म्हणाले, “सायेब, पोरगीला नांदाय धाडा म्हनून भावकी मागं लागलीया. नोकरी लागतीया म्हनल्यावर गप बसली. नोकरी हाय तवर कोण तोंड उघडत न्हाय. नोकरी गेली की पोरगीबी गेली. एवढं ध्यानात ठिवा.”

सरांनी हो म्हटलं. सर सगळ्यालाच हो म्हणायचे. पण त्या दिवसापासून आम्हा दोघांनाही कळलेलं होतं की या ऑफिसचं दार उघडं राहण्यावर एका बाईचं काय काय अवलंबून आहे.

थोड्याच दिवसांत जगाचं काम आलं. पुण्याच्या एका कंपनीचे नाईक साहेब सरांच्या ओळखीचे. त्यांना परदेशातल्या एका दुकानासाठी वेबसाइट करायची होती. बागेची अवजारं आणि बियाणं विकणारं दुकान. तेव्हा तयार गोष्टी फारशा मिळत नसत, मिळाल्या तर महाग असत. अर्जांच्या वरच्या ओळी वाचणारी लायब्ररी त्यांनी आमच्याकडून करून घ्यायचं ठरवलं. ती पसंत पडली तर पुढची कामंही बारामतीलाच येणार होती. सरांनी त्या दिवशी खालच्या दुकानदारापासून वरच्या घरमालकापर्यंत सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

सुनंदाला ते काम फार आवडलं. मला सुरुवातीला कंटाळवाणं वाटायचं, तिनं मला त्यातली गंमत दाखवली. एकच नाव, पण कुणाचा ब्राउझर ते सगळं मोठ्या अक्षरांत पाठवायचा, कुणाचा बारीक अक्षरांत. दोन्ही एकच धरायचं. एखादी ओळ लांब झाली की मधेच मोडून खालच्या ओळीवर जायची, ती पुन्हा वर जोडून घ्यायची. कधी असं नाव यायचं की आमच्या कुठल्याच कागदात त्याचा पत्ता नसायचा. मी म्हटलं, माहीत नाही ते टाकून देऊ. ती म्हणाली, “वळख न्हाय म्हणून हाकलायचं न्हाय, दादा. गुमान ठिवून घ्यायचं. मागितलं तर द्यायचं.” मी हसलो, पण कोड तसंच लिहिलं. नियमही तसाच आहे, हे नंतर कळलं.

आमच्याकडं टेलिफोनची लाइन एकच होती. इंटरनेट लावायचं म्हणजे पुण्याला ट्रंक कॉल लावल्यासारखं असायचं आणि खालच्या दुकानात वेल्डिंग सुरू झालं की लाइन तुटायची. म्हणून आम्ही एक पद्धत काढली. लाइन मिळेल तेव्हा आपल्याच यंत्रावरच्या ब्राउझरनं चार पानं उघडायची, गेलेले अर्ज साठवून ठेवायचे आणि मग दिवसभर तेच अर्ज पुन्हा पुन्हा लायब्ररीला खाऊ घालून तपासायचं. काटकसरीची पद्धत होती. तिच्यामुळं आमच्या लायब्ररीनं जगात फक्त आमचा एक ब्राउझर पाहिला होता.

नावं आणि माहिती ठेवायला तक्ता लागणार होता. सर म्हणाले, नवा कशाला लिहिता, काट्याचा आहे की. डावीकडं टोकनच्या जागी नाव, उजवीकडं वजनाच्या जागी माहिती. इतक्या हंगामांत एक चूक नाही त्याच्यात. आम्ही तो उचलला आणि तो एका दिवसात असा चपखल बसला की आम्हालाच आमचं कौतुक वाटलं. सुनंदानं सगळं पुन्हा एकदा तपासलं, सगळे अर्ज नीट वाचले गेले, आणि सरांनी फ्लॉपी पुण्याला पाठवून दिली.

पुण्यात तपासणी झाली, तिथंही ठीक निघालं. मग नाईक साहेब परदेशात त्या दुकानाच्या कचेरीत दाखवायला गेले आणि तिथून त्यांचा फोन आला. आवाज असा की सरांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. तिथल्या माणसांसमोर साहेबांनी दुकानात शिरून दाखवलं, बियाणं निवडून टोपलीत टाकलं, आणि पैसे द्यायच्या पानावर गेले की वेबसाइट विचारायची, तुम्ही कोण? पुन्हा नाव सांगितलं, पुन्हा तेच. टोपलीतलं बियाणं लक्षात राहत होतं आणि माणूस विसरला जात होता. तिथले लोक आधी हसले, मग घड्याळं बघायला लागले.

आमच्याकडं सगळं बरोबर चालत होतं. हीच या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट असते. तिकडं मोडतं आणि इकडं चालतं. आम्ही पुन्हा पुन्हा तेच अर्ज लायब्ररीला दिले, तिनं पुन्हा पुन्हा तेच बरोबर उत्तर दिलं. शेवटी सरांनी साहेबांना सांगितलं की तिथून येणारा अर्ज जसाच्या तसा मेलनं पाठवा. मेल यायला लागला आणि खाली वेल्डिंग सुरू झालं. सर जिन्यावरून धावत गेले आणि त्यांनी दुकानदाराला हात जोडले. तो डोळ्यांवरची काच वर करून तसाच थांबला. मेल पूर्ण येईपर्यंत तो खरंच तसा उभा होता, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

अर्ज पडद्यावर आला. मी वाचला, सरांनी वाचला, आम्हाला काही दिसलं नाही. सुनंदानं पडद्यावर बोट ठेवलं. एकाच नावाच्या दोन ओळी होत्या.

हे समजायला कठीण नाही. वेबसाइट तुम्हाला ओळखावी म्हणून तुमच्या ब्राउझरकडं एक खूण ठेवायला देते. तिला कुकी म्हणतात. या दुकानानं अशा दोन खुणा दिल्या होत्या. एक माणसाची, एक टोपलीची. आमचा ब्राउझर त्या दोन्ही एकाच ओळीत लिहायचा. पण त्या कचेरीत बाहेर जाणारा प्रत्येक अर्ज मधल्या एका यंत्रातून जात होता आणि ते यंत्र त्यांच्या दोन वेगळ्या ओळी करत होतं. नाव तेच, ओळी दोन. नियमाप्रमाणं तसं येऊ शकतं आणि तेव्हा दोन्ही ठेवायच्या असतात. आमची लायब्ररी पहिली ठेवत होती, दुसरी आली की पहिली पुसत होती.

आम्ही कोड उघडला. जिथं जुनं काढून नवं ठेवलं जात होतं, त्या ओळीच्या वर इंग्रजी अक्षरांत सरांनी कधीकाळी स्वतःसाठी लिहून ठेवलेली सूचना होती, ‘बैल हलला तर नवं वजन’. तक्ता उचलला तेव्हा तीही तशीच उचलली गेली होती. बियाण्याच्या त्या परदेशी दुकानाच्या यंत्रापर्यंत आमच्या तात्यांचा बैल जाऊन पोचला होता.

कुणीतरी हसायला हवं होतं. सरांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. सुनंदा म्हणाली, “काट्यावर हे बरोबरच हाय की, सर.” सरांनी मागं न बघताच मान हलवली.

दुरुस्ती तिनंच केली. एका नावापुढं एकच जागा होती तिथं लागतील तितक्या जागा केल्या, आलेल्या क्रमानं सगळं ठेवलं, कुठल्याही नावाखाली काहीही पुसायचं नाही. जेवणाची सुट्टी झाल्यावर बसली आणि संध्याकाळच्या एसटीच्या आत तिनं काम संपवलं. मी त्या कोडकडं बराच वेळ बघत राहिलो. पुढं पुण्यात मोठमोठ्या शिकलेल्या लोकांचं कोड पाहिलं, तितकं स्वच्छ फार थोड्यांचं होतं. पुण्याला पाठवलं, चाललं. परदेशातही चाललं.

चालून उपयोग झाला नाही. नाईक साहेब परत आले आणि त्यांनी सरांना सांगितलं की दुकानवाल्यांनी दुसरी लायब्ररी घेतली. इंटरनेटवर फुकट मिळणारी, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिनं हजार तऱ्हेचे ब्राउझर पाहिलेले होते. आमची चूक तिच्यात कधीच नव्हती, कारण ती लिहिणाऱ्यांपैकी कुणी बैलगाडी वजन करून पोट भरलेलं नव्हतं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, बारामतीला आता काम देता येणार नाही, पण दुरुस्ती ज्यांनी केली ती माणसं मला द्या, दोघांनाही पुण्यात घेतो.

ते ऐकून मला आधी आनंद झाला. आपल्या माणसांची आपल्याला माहिती असून असा आनंद कसा झाला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. सुनंदाला विचारलं तर ती म्हणाली, “आबांना इचारा. मला इचारून काय उपेग?” म्हणून मी एसटीनं शेळगावला गेलो.

आबा मेंढरांच्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, बसले होते. पाच-पंचवीस मेंढरं असतील. पाणी आलं, चहा आला, पाव्हणं म्हणून मान झाला. मी सगळं सांगितलं. पुण्यात मुलींचं वसतिगृह आहे, मीही पुण्यातच असेन, दर आठवड्याला घरी सोडायला येईन.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाव्हणं, तुमी भलं माणूस हाय. पन बारामतीला सकाळी जाती आन् सांजच्याला घरला येती, ते सगळा गाव बगतोय. पुन्याला एकली ऱ्हायली तर भावकी काय म्हनंल? यासाटनंच नवरा सोडला म्हनंल.”

“म्हणू दे की, आबा.”

“तुमाला म्हनू दे. धाकट्या दोघींची लग्नं ऱ्हायल्याती माजी.”

मी कपातला उरलेला चहा संपवला. आबा तिच्या वाईटावर नव्हते, हेच तर सगळ्यात अवघड होतं. दुष्ट माणसाशी निदान भांडता येतं.

पुण्याला जाण्यापूर्वी मी ऑफिसातलं माझं सामान आवरत होतो, तेव्हा आबा एकटेच आले. त्या दिवशी सुनंदाला सरांनी घरी थांबायला सांगितलेलं होतं, कारण तिला काय सांगायचं हे त्यांना सुचत नव्हतं. या खेपेला आबा खुर्चीवर बसले. मी आतल्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

“काम न्हाय त्ये कळलं मला,” आबा म्हणाले. “काम नगं द्यू. नुसतं बसू द्या हितं. सकाळी यील, सांजच्याला जाईल. पगार मी आनून देत जाईन, तुमी तिला देत जावा.”

“आबा, असं कसं?”

“मेंढरं हायेत की. लागल तसं एकेक इकीन. पोरगीला तेवढं कळू द्यू नगा. तिला वाटू द्या काम हाय.”

सर नेहमीसारखं हो म्हणाले. मी आतून बाहेर आलो नाही. आबा गेल्यावरही आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही.

पुण्यात मी नाईक साहेबांकडं रुजू झालो. तिथं मला त्या फुकट लायब्ररीवरच काम दिलं आणि मी ती शिकलो, पुढं तिच्यासारख्या बऱ्याच शिकलो. सुट्टीला सुप्याला जाताना वाट वाकडी करून बारामतीला उतरायचो. सुनंदा आपल्या जागेवर असायची. सरांनी तिला सांगितलं होतं की लायब्ररी पूर्ण करायची आहे, गिऱ्हाईक मिळेल. ती खरंच पूर्ण करत होती. मोडक्या ओळी, तुटलेले अर्ज, एका नावाखाली दहा-दहा ओळी, मुद्दाम वाईट लिहिलेले अर्ज, ती स्वतःच बनवायची आणि स्वतःच लायब्ररीला द्यायची. मला उठून जागा करून द्यायची आणि एकेक दाखवायची. मी पुण्यात जे पाहत होतो त्यातलं निम्मं तिनं तिथं एकटीनं शोधून काढलेलं असायचं. जगात कुणालाही त्याची गरज नव्हती. हे मला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं “वा, छान” म्हणत होतो.

सरांचं काट्याचं कामही त्या सुमारास हातातून चाललं होतं. मोठ्या कंपन्या आता काट्याबरोबर स्वतःचाच प्रोग्राम देत होत्या. तरी सरांनी खोल्या सोडल्या नाहीत. आबांना दिलेला शब्द त्यांना सोडवत नव्हता, एवढं एकच काम त्यांच्याकडं उरलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

मग एक दिवस सरांचा मला पुण्याला फोन आला. “सुनंदानं नोकरी सोडली. स्वतःहून. आज जातीय म्हणते. तू येऊन बोल.”

मी पोचलो तेव्हा ती बारामतीच्या स्टँडवर बाकावर बसलेली होती. जवळ एक पत्र्याची पेटी. इंदापूरच्या गाडीची वाट बघत होती. तिथून पुढं सासरच्या गावाला. मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, “सुनंदा, सरांनी तुला जा म्हटलंय का?”

“न्हाय. सर कशाला म्हनत्याल.”

“मग? लायब्ररीचं काम आहे ना अजून.”

ती माझ्याकडं बघून हसली. रागानं नाही, लहान पोराकडं बघावं तशी.

“दादा, रोज सांजच्याला घरी गेले की मीच मेंढरं वाघरीत घालती. लहानपणापास्नं घालती. दर पगाराच्या अगुदर एक कमी व्हायचं. मला मोजाय येत न्हाय व्हय?”

“केव्हा कळलं तुला?”

“पयल्या पगारालाच कळलं मला. पगार घरखर्चात जायाचा, मेंढरू काय परत येत न्हवतं. आबांना वाटतं, पोरगीला काम हाय. मी म्हनलं, वाटू दे. सरांना वाटतं, मला ठावं न्हाय. त्येनाबी वाटू दे म्हनलं. तुमीबी येऊन छान छान म्हनायचा.” तिनं पेटी पायाशी ओढून घेतली. “तेवढे दिवस बरे गेले, दादा. खोटं न्हाय सांगत. पन आता दोन गाभण मेंढ्याच उरल्या. धाकटीचं लगीन काढलंय. आबा त्याबी इकत्याल.”

“आबांना काय सांगितलंस?”

“सरांचं आफिस बंद झालं म्हनून सांगितलं. सरांनाबी तसंच सांगा म्हनलं. तुमीबी तसंच सांगायचं.”

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर पुण्याला, आत्ता, या गाडीनं. मागचं मागं बघू. तिनं धाकट्या बहिणींची नावं तेवढी घेतली. इंदापूरची गाडी लागली. मी पेटी उचलून वर टपावर टाकली. खिडकीपाशी बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

“आबांना कळू द्यू नगा मला ठावं होतं ते. मेंढरं गेली तर गेली, निदान पोरगीसाटी कायतरी केलं एवढं तर ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं.”

गाडी गेली. सरांनी त्याच महिन्यात खोल्या सोडल्या, म्हणजे आबांना सांगितलेलं निदान खोटं ठरलं नाही. त्या लायब्ररीच्या फ्लॉप्या काही दिवस माझ्याकडं होत्या, मग त्यांना बुरशी धरली. हेडर वाचण्याचं काम मी पुढं कितीतरी वर्षं केलं. बढत्या मिळाल्या, परदेशात जाऊन आलो, निरोप समारंभात लोक चांगलं बोलायचं ते बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्यापेक्षा चांगलं काम करणारी एक बाई भीमेकाठच्या एका घरात वाकड्या मनगटानं भाकऱ्या थापतीय, हे मला रोज कामाला बसताना आठवायचं.

आबांना मी अधूनमधून भेटायचो. शेळगावला गेलो की त्यांचा एकच प्रश्न असायचा. “सरांचं आफिस परत चालू व्हनार हाय का?” म्हातारपणी त्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी माझा आवाज ओळखून तेच विचारायचे. मी म्हणायचो, बघू, आबा. मग ते म्हणायचे, “चालू झालं तर सांगा. मेंढरं पुन्हा धरता येत्याल.” सर तर केव्हाच गेले होते.

आबा गेल्या हिवाळ्यात गेले. दहाव्याला सुनंदा आली होती. केस पांढरे झालेले, बायकांच्या घोळक्यात बसलेली. मला पाहून तिनं पदर सावरला आणि मान दुसरीकडं वळवली. मीही पुढं गेलो नाही. ज्याच्यापासून हे लपवायचं होतं तो माणूस आता नाही, म्हणून लिहिलं.